आषाढात जमतं, मग भाद्रपदात का नाही?

रस्ता बंद करायच्या कागदावर सही करणाऱ्या साहेबांस खुलं पत्र

साहेब,

पत्रावर तुमचं नाव घालायचं होतं, पण ते कुठंच लिहिलेलं नाही. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवा बांधलेला असतो. शेजारी मंडळाचा फलक असतो आणि त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, आधारस्तंभ, मार्गदर्शक या सगळ्यांचे फोटो असतात. रस्ता अडवायला हो म्हणालेले तुम्ही मात्र त्या फलकावर नसता. मांडवाच्या जागेची परवानगी नगरपरिषदेची, ध्वनिक्षेपकाची पोलीस ठाण्याची, वाहतुकीबद्दलची ना हरकत वाहतूक शाखेची, विजेची तात्पुरती जोडणी महावितरणची, आणि या सगळ्यावर नजर ठेवायची ती महसूल खात्यानं. यातली नेमकी कुठली सही पडली की माझ्या दारातला रस्ता बंद होतो, हे सांगणारा माणूस रहिवाशाला भेटत नाही. एका टेबलावर विचारलं की दुसऱ्या टेबलाकडे बोट, दुसऱ्यावर विचारलं की "साहेब बंदोबस्ताला गेलेत." म्हणून हे पत्र त्या सगळ्या सह्यांना मिळून एकच. तुम्ही बारामतीत बसत असाल तरी तुम्हालाच, इंदापुरात बसत असाल तरी तुम्हालाच.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे हे पत्र "उत्सवविरोधी" असा शेरा मारून बाजूला ठेवता येणार नाही. मला गणपती हवा आहे. शिवजयंतीची मिरवणूक हवी, भीमजयंतीची हवी, ईदची हवी, उरूस हवा, नवरात्र हवं. वर्षातले काही दिवस रस्ता वाहनांना बंद राहिला तर त्याबद्दलही माझी तक्रार नाही. माणसं जमायला गावात रस्त्याशिवाय दुसरी जागा उरलेली नाही, हे मला कळतं. तक्रार मंडळावरही नाही. मंडळातली पोरं आमच्याच घरातली, आमच्याच दारात वाढलेली. त्यांनी मागितलं, तर मागण्यात गैर काय? ज्यानं दिलं त्यानं गल्लीत पाऊल टाकून पाहिलं का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला आहे.

बारामतीच्या कसब्यात, मारवाड पेठेत एकदा पायी फिरा. इंदापुरात जुन्या बाजारपेठेच्या अंगानं फिरा. समोरून रिक्षा आली तर दुचाकीवाल्याला पाय टेकून थांबावं लागेल, अशा गल्ल्या. तिथं मांडव पडला की उरलेल्या पट्टीत आधी चपला येतात, मग खुर्च्या, मग जनरेटर, मग प्रसादाची भांडी. मोटार वाहन नियमांनी गाडीला २.६ मीटरपर्यंत रुंदी दिली आहे. मोठा अग्निशमन बंब साधारण त्याच मापाच्या आसपास येतो. तुम्ही सही केलेल्या मांडवाच्या बाजूला २.६ मीटर उरतात का? नकाशात नाही विचारत. संध्याकाळी आठ वाजता, आरतीच्या वेळी, खुर्च्या मांडलेल्या असताना उरतात का? १०८ ला फोन केला तर गाडी येते, हे खरं आहे. ती गल्लीच्या तोंडाशी येते. तिथून पुढं रुग्णाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणायचं, कानावर डॉल्बी पडत असताना. ज्याच्या छातीत कळ आलीय त्याची ती मिनिटं कुणाच्या हिशेबात धरायची?

यात सगळ्यात जास्त कुणाचे हाल होतात, तेही सांगतो, कारण हे लोक तुमच्या कचेरीत कधी येत नाहीत. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा ज्याला जावं लागतं तो. दिवस भरलेली बाई आणि तिची सासू. पहाटे दूध घालायला निघणारा गडी. एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार, जो रात्री दारातून गाडी काढू शकत नाही आणि सकाळी झोपू शकत नाही. हातगाडीवाला, ज्याच्या उभं राहायच्या जागेवर स्टेज आलंय आणि ज्याला दहा दिवसांचा धंदा कोण भरून देणार हे कुणी सांगत नाही. दहावीची पोर, जी कानात कापूस घालून वाचते. हे सगळे आरतीला हात जोडून उभे राहतात, वर्गणीही देतात. रस्ता बंद होण्याआधी त्यांना कुणी विचारत नाही, इतकंच.

आता तुमचं कौतुक करतो, आणि त्यातला प्रत्येक शब्द मनापासूनचा आहे.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूहून निघते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा. पाटस सोडून रोटी घाट चढून पालखी बारामतीत येते, शारदा प्रांगणात मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेकाठी पुणे जिल्ह्याचा निरोप. हजारो नव्हे, लाखो माणसं आपल्या दोन तालुक्यांतून पायी जातात. आणि रस्ते बंद असतात. कडक बंद असतात. तरी गावात कुणी बोंब मारत नाही.

का मारत नाही? कारण तेव्हा तुम्ही सगळं करता. पालखी येण्याच्या कितीतरी दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. कोणता रस्ता कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद, आणि त्याऐवजी कुठून जायचं, हे वर्तमानपत्रांत छापून येतं, मोबाईलवर फिरतं, एसटीच्या चालकाला माहीत असतं, उसाच्या रसवंतीवाल्यालाही माहीत असतं. वळणावर पोलीस उभा असतो आणि त्याला पर्यायी मार्ग तोंडपाठ असतो. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, आरोग्य पथकं, रुग्णवाहिका कुठं उभ्या राहणार हे ठरलेलं असतं. पालखी पुढं गेली की काही तासांत रस्ता झाडून मोकळा. याच वाटेसाठी पाटस, बारामती, इंदापूर, तोंडले-बोंडले असा ९६५ जी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आखला गेला आणि ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या कामाची पायाभरणी झाली. म्हणजे वाटेवर चालणाऱ्या माणसाचा विचार सरकारला सुचतो, त्यासाठी पैसा उभा राहतो, यंत्रणा हलते.

दुसरी आठवण तुम्हाला करून द्यायला हवी. एप्रिल २०२०. करोनाचे रुग्ण सापडले आणि अख्खी बारामती बंद केली गेली. भिलवाड्याच्या धर्तीवर तुम्ही जे उभं केलं त्याला पुढं "बारामती पॅटर्न" असं नाव पडलं. गल्ल्यांना अडथळे लावले होते, तेही याच बांबूंचे. पण प्रभागवार माणसं नेमली होती. किराणा, भाजी, औषधं घरपोच येत होती. कुठल्या गल्लीसाठी कोणाला फोन करायचा हे घराघरात ठाऊक होतं. अडथळ्याच्या आत राहणारा माणूस जगला पाहिजे, ही जबाबदारी अडथळा लावणाऱ्यानं तेव्हा स्वतःवर घेतली होती. त्या दिवसांत मला प्रशासनाचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

म्हणून तुम्हाला हे जमत नाही, मनुष्यबळ नाही, वेळ नाही, हे मी ऐकून घेणार नाही. जमतं. आषाढात जमलं, साथीत जमलं. मग भाद्रपदात, वैशाखात, कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, दहीहंडीला, भर रस्त्यातल्या स्टेजवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला का जमत नाही? मला याचं एकच उत्तर दिसतं. पालखीत चूक झाली तर अख्खा महाराष्ट्र विचारतो. गल्लीत चूक झाली तर गल्लीच विचारते, आणि गल्लीला तुम्ही मोजत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आधीपासूनच आमच्या बाजूनं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ११५. वाहनांना रस्ता बंद करायचा अधिकार त्यातून येतो. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना छापायची गरज नाही, एवढी सवलत त्यात आहे. पण त्याच वाक्यात पुढं म्हटलंय की परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायचीच. सवलत तुम्हाला अगदी पाठ झाली, प्रसिद्धी मात्र वाचायची राहून गेली. विलायतेत रस्ता उत्सवासाठी बंद करायचा अधिकार स्थानिक संस्थांना १८४७ च्या जुन्या कायद्यातून मिळतो, आणि तिथल्या नगरपालिका अर्ज कित्येक आठवडे आधी मागतात. अमेरिकेतल्या अनेक शहरांत गल्लीत मेजवानी करायची तरी शेजाऱ्यांच्या सह्या आणाव्या लागतात. आपल्याकडे शेजाऱ्याला रस्ता बंद झाल्याचं गाडी मागं घेताना कळतं.

आणि उच्च न्यायालय? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये अंतिम निकाल दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांचं खंडपीठ. रस्त्यावर मांडव घालणं हा कुणाचा हक्क नाही, चालण्याजोगा रस्ता आणि पदपथ हा मात्र नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. वाहतुकीला अडथळा होत असेल, रुग्णालय, शाळा, बसस्थानक जवळ असेल तर परवानगी देताना काय पाहायचं तेही सांगितलं आहे. हा आदेश मुंबई-पुण्यापुरता नाही, नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यात एक सूचना अशी की तहसीलदारांच्या दर्जापेक्षा कमी नाही अशा महसूल अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली पथक नेमायचं, आणि सणाच्या किमान सात दिवस आधी त्यांनी जागेवर जाऊन पाहायचं की मांडव परवानगीनं घातलाय का, परवानगीत लिहिलेल्या अटींप्रमाणे घातलाय का. सात दिवस आधी. जागेवर जाऊन. या निकालाला दहा वर्षं झाली. आमच्या गल्लीत हातात टेप घेऊन उभं असलेलं पथक मी पाहिलेलं नाही. तुमच्या दप्तरी त्याचा अहवाल असेल तर तो आम्हाला वाचायचा आहे. माहितीच्या अधिकारात मागितला तर उत्तराला तीस दिवसांची मुदत, आणि उत्सव दहा दिवसांचा. उत्तर येईपर्यंत विसर्जन होऊन मांडवाचे खड्डेही पावसानं भरलेले असतात.

खड्ड्यांवरून आठवलं. डांबरात पहार मारून खांब रोवतात, मांडव निघतो, खड्डा राहतो. तो कुणी बुजवायचा? अनामत घेतली असेल तर ती कुठं खर्च झाली? हा प्रश्न छोटा वाटेल, पण पहाटे अंधारात त्याच खड्ड्यात दुधाचे कॅन घेऊन पडणाऱ्या माणसाचा हात मोडतो तेव्हा तो छोटा राहत नाही.

शांतता समितीच्या बैठकीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. दर सणाआधी ती होते, चांगल्या हेतूनं होते. मंडळांचे अध्यक्ष येतात, सर्व पक्षांचे पुढारी येतात, पत्रकार येतात, व्यापारी संघटनेचे लोक येतात. शाल-नारळ होतो, डॉल्बीमुक्तीचं आवाहन होतं, फोटो निघतो. पण ज्या गल्लीत मांडव पडणार त्या गल्लीतली एक तरी बाई तिथं बोलावली जाते का? आपल्याकडे गल्लीचं सगळं बायकांना माहीत असतं. कुणाच्या घरी म्हातारं अंथरुणाला खिळलंय, कुणाची तारीख कधीची आहे, कुठल्या घरातल्या लेकराला आवाजानं फिट येते. पथक नेमायचं नसेल तर नसू द्या, तिला विचारलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. तुम्ही मात्र शांततेचा विचार करताना दोन गटांत भांडण होऊ नये एवढाच करता. घरात बसलेल्या माणसाची शांतता तुमच्या समितीच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

आवाजाचं गणित तुम्हाला मी शिकवायला नको. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. हे सगळं कागदावर आहे. ध्वनिक्षेपकाच्या परवान्यावरही या अटी छापलेल्या असतात. पण विसर्जनाच्या रात्री खिडकीची काच थरथरत असते, वयस्कर माणसं कानावर उशी दाबून बसलेली असतात, आणि मिरवणुकीसोबत चालणाऱ्या पोलिसाच्या हातात काठी असते, आवाज मोजायचं यंत्र नसतं. त्या पोलिसाचा मला राग येत नाही. सोळा-सोळा तास उभा असतो तो, त्याच्याच कानाचे पडदे आधी फाटतात. त्याला यंत्र आणि अधिकार देऊन तिथं उभं करायचं काम ज्याचं होतं, त्याला हे पत्र आहे.

तक्रार का करत नाही, असं तुम्ही विचारता. बरोबर आहे, ११२ आहे, पोलीस ठाण्याचा क्रमांक आहे. फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "नाव काय, राहता कुठं?" आणि तासाभरात गल्लीच्या कोपऱ्यावर पोरं उभी असतात. "काका, तुम्हीच फोन केला ना?" धमकी नसते त्यात, नुसतं विचारणं असतं. पण ज्याला उद्याही त्याच गल्लीत राहायचंय, ज्याची पोरगी क्लासहून रात्री आठला एकटी येते, त्याला ते विचारणं पुरतं. दुसऱ्यांदा फोन कोण करेल? मुंबई उच्च न्यायालयानं हे ओळखलं. कुर्ल्याच्या नेहरूनगर-चुनाभट्टी भागातल्या रहिवासी संस्थांच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ ला न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी सांगितलं की आवाजाच्या तक्रारीवर पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ओळख कळली तरी ती आवाज करणाऱ्याला कळवू नये. आधी समज, मग दंड, मग यंत्र जप्त, अशा पायऱ्याही घालून दिल्या. माझा तुम्हाला साधा सवाल आहे. तक्रारदाराचं नाव ठाण्याच्या दारातून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत कोण नेतं? ते शोधायला आयोग नेमावा लागत नाही.

आता सर्वांत जड गोष्ट. २७ जुलै २०२५ ला बारामतीत खंडोबानगर भागातल्या महात्मा फुले चौकात डंपरनं दुचाकीला धडक दिली. बाप गेला, त्याच्या दोन लहान मुली गेल्या. त्या दिवशी त्या चौकात कुठला मांडव नव्हता, कुठला रस्ता उत्सवासाठी अडवलेला नव्हता, त्यामुळे हा अपघात मी तुमच्या त्या सहीच्या नावावर टाकत नाही. टाकला तर ते खोटं होईल. पण त्या दिवसानंतर या शहरात कुणालाही एक गोष्ट सांगावी लागू नये, की जड गाड्या आणि शाळेची पोरं एकाच रस्त्यावर आली की काय होतं. मुख्य रस्ता बंद केला की त्यावरची वाहतूक नाहीशी होत नाही, ती आतल्या रस्त्यांवर शिरते. कधी हायवा शिरतो, कधी वाळूची गाडी. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांकडे निघालेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत शिरतो, ज्याच्या चालकाला मागचं दिसत नाही आणि टेपच्या आवाजात मागून मारलेली हाक ऐकू येत नाही. त्या आतल्या रस्त्यावर पोरं सायकली चालवत असतात, कारण तो रस्ता एरवी त्यांचा असतो. तुम्ही एका चौकात बांबू बांधला, त्याचा धोका तीन गल्ल्या पलीकडे जन्माला येतो. वळवलेली वाहतूक कुठून जाणार हे सही करताना लिहिलं नसेल, तर ती कुठूनही जाणार. तो "कुठूनही" कुणाच्या तरी लेकराच्या वाटेवर असतो. यावर मला आवाज चढवून बोलावंसं वाटतं, आणि बोललो तर त्याबद्दल क्षमा मागणार नाही.

इतके दिवस तुमच्याकडे एक सबब होती, आणि ती खरी होती. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये खडसावल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मतदान झालं. मधल्या काळात प्रभागाला नगरसेवक नव्हता, आम्ही कुणाच्या दाराशी जायचं? आता आहेत. मतं मागायला ज्या गल्लीत ते आले, त्या गल्लीत मांडवाची आखणी होते तेव्हाही त्यांनी यावं. पण साहेब, त्यांच्या येण्यानं तुमची सही त्यांची होत नाही. कागद तुमचाच राहतो.

मी मागतो ते फार नाही आणि नवं तर काहीच नाही. मांडवाला परवानगी दिली की त्या परवानगीची प्रत गल्लीच्या तोंडाला मोठ्या अक्षरांत लावा, मराठीत, मापांसकट: किती लांब, किती रुंद, बाजूला किती रस्ता मोकळा, कधीपासून कधीपर्यंत. त्याखाली सही करणाऱ्याचं नाव आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन. बंद रस्त्याऐवजी कुठून जायचं ते एसटी स्थानकात, रिक्षा थांब्यावर, शाळेच्या फाटकावर लावा आणि १०८ च्या चालकांना आधी द्या. मांडवाच्या बाजूला बंबापुरती वाट मोकळी ठेवायला मंडळाचे चार कार्यकर्ते नेमून द्या. पोरांना जबाबदारी दिली तर ती आनंदानं घेतात, वारीत पाणी वाटताना आपण त्यांना बघतोच. वाढदिवसाच्या स्टेजसाठी मात्र रस्ताच देऊ नका. नेत्याचा वाढदिवस हा गावाचा सण नाही, आणि दोन्ही तालुक्यांत मैदानांची, सभागृहांची टंचाई नाही.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. सात दिवस मागं मोजले की ७ सप्टेंबर, सोमवार येतो. न्यायालयानं सांगितलेल्या पथकाला त्या दिवसापर्यंत आमच्या गल्लीत यावंच लागेल. मी घरीच असेन. गल्लीतल्या बायकांशी बोलून ठेवलंय, त्याही येतील; कुठल्या दारापाशी वाट मोकळी हवी ते त्या दाखवतील. मापायला टेप लागेल, तो माझ्याकडे आहे. किती वाजता येताय तेवढं कळवा.

आपला,
बंद रस्त्याच्या आतल्या बाजूला राहणारा एक रहिवासी